डाव्या गालावरचा वण

(हॉलंडमधल्या लायडन शहरातलं चित्रकार योरिसचं घर. भिंतीला टेकवलेली त्याची स्वतःचीच नऊ चित्रं. दाराशी लेकीची पेटी.)

लीस्बेत : आठ नेते, बाबा. हे नववं मात्र चुलीत जाणार.

योरिस : त्यानं तुझं काय घोडं मारलंय?

लीस्बेत : तारीख बघा. प्लेगचं साल, आई गेली तो आठवडा. ती तडफडत होती आणि तुम्ही आरशापुढे उभं राहून स्वतःचं तोंड रंगवत होतात. मला मावशीकडे धाडलंत, दारसुद्धा उघडलं नाहीत.

योरिस : दार बंद ठेवायचा हुकूम होता.

लीस्बेत : आणि चित्र काढायचा? बाकीच्यांना मी हसते तरी. हे बाविसाव्या वर्षीचं. टोपी उसनी, गळ्यातली साखळी उसनी. हा फरचा कोट, तेव्हा कापडाचे व्यापारी चित्र काढून घ्यायला दाराशी खेटे घालायचे. हे पन्नाशीतलं, गिऱ्हाईक नाही म्हणून स्वतःलाच समोर बसवलंत. ऐट गेली, पण नजर तीच. मीच मी.

योरिस : खरं आहे.

लीस्बेत : कबूल करून सुटू नका. बाराच्या बोटीनं मी हार्लेमला चाललेय, परत यायची नाही.

योरिस : जाळ. आधी उजेडात धर. माझा वण कुठाय?

लीस्बेत : डाव्या गालावर.

योरिस : चित्रांत?

लीस्बेत : उजव्या. आरशात बघून काढलं की बाजू उलटते, तुम्हीच तर शिकवलंत... थांबा. ह्यात डाव्या गालावर कसा?

योरिस : आरसा तुझ्या आईनंच भिंतीकडे फिरवायला लावला होता. स्वतःचं सुजलेलं तोंड बघवत नव्हतं तिला.

लीस्बेत : मग बघितलंत कशात?

योरिस : खाटेवरून ती सांगायची, मी काढायचो. भुवई खाली घ्या, एवढे काही रुबाबदार नाही तुम्ही. वण अजून लांब. म्हणाली, तुम्हालाही लागण झाली तर पोरीला बाप कुठला दिसणार? मला दिसता तसे काढून ठेवा तिच्यासाठी.

लीस्बेत : अकरा वर्षं गप्प का बसलात?

योरिस : मावशीकडून आलीस ती बोलेचनास. मग माझीही जीभ उचलेना.

लीस्बेत : हे पेटीत नको. मांडीवर घेऊन बसेन मी... बाबा, हा कान अर्धाच राहिलाय.

योरिस : तिथवरच बोलली ती.