ऋषिकेशची अर्धी धून

(अनसिंगजवळचा भाजीचा मळा, दुपार. ऋषिकेश ओसरीत बाजेवर उशांना टेकून बसलेला. त्याच्या बँडमधला दोस्त हरीओम बाजेच्या कडेला. दोघांच्या मध्ये, फुंकून वाजवायच्या नळ्यांच्या दोन ओळी. ऋषिकेशची आई रुख्मिणी आत-बाहेर करते आहे.)

हरीओम : नाही बांधत म्हटलं ना एकदा!

ऋषिकेश : बांध. तुही ओळ खाली, माही वर. सायकलच्या ट्यूबची पट्टी घे. खुटीले आहे.

हरीओम : आबे, दोन ओळी दोघाच्या असतात. तूच शिकवलं ना मले? त्या बोलिव्हियाच्या पहाडातल्या बुढ्याचे व्हिडिओ दाखवू-दाखवू डोस्कं खाल्लं माह्यं. एक सूर ह्याच्या नळीत, पुढचा सूर त्याच्या नळीत. एकट्यानं वाजवली का ती धून नाही, चोरी आहे म्हणे. कोण म्हणत होतं?

ऋषिकेश : तवा दम होता अंगात. काही बी बोलत होतो.

हरीओम : रविवारी वाशिमले कार्यक्रम आहे. तोवर होशील बरा. गिटार मी पाह्यतो, ड्रमवर आदर्श आहे. तू फक्त नळ्या घेऊन खुर्चीवर बसजो.

रुख्मिणी : बरा होईल नाही त काय! घे रे हरीओम, चहा. ह्याले कोमट पाणी आणलं. घोट-घोट घे, ऋषी. तोंड सोललेलं भरून येऊन राह्यलं आता, नाही का? त्या मेल्या नोझलनं घात केला पाह्य. फवारणीच्या पंपाच्या नोझलमंधी कचरा अडकला का जो-तो ह्यालेच हाक मारे. 'ऋषीले बोलवा, त्याची फुंक मोठी आहे.' अन् हा बी लेकाचा, मोठी शेखी मिरवत तोंडाले लावे.

ऋषिकेश : आजलोक काही झालं होतं का, आई?

रुख्मिणी : आजलोक तणनाशक नव्हतं ना त्यात! थुंकला, चूळ भरली, अन् भाकर खायले बसला. मी म्हणतो दवाखान्यात चाल, त मले म्हणते, पोटात थेंब बी नाही गेला.

हरीओम : काकू, राहू द्या ना आता.

रुख्मिणी : राहू देतो, बाप्पा. वांगे तोडायचे हायेत मले. हरीओम, तू जेवूनच जाजो. अन् ऋषी, तू जास्त बोलू नोको.

ऋषिकेश : ...गेली?

हरीओम : गेली. पार विहिरीपलीकडं गेली.

ऋषिकेश : आता सांग. अकोल्याचा डॉक्टर काय म्हणे? मले बाहेर बसवलं. तू अन् आई आत होते.

हरीओम : आराम करा म्हणे. गोळ्या चालू ठेवा.

ऋषिकेश : हरी.

हरीओम : छातीले सूज आहे म्हणे. उतरन हळूहळू.

ऋषिकेश : खोटं बोलला का तू बोटं मोडतं. आत्ता बी मोडून राह्यला.

हरीओम : काय ऐकायचं आहे यार तुले?

ऋषिकेश : मले पुन्हा फुंकता येईन का?

हरीओम : नाही.

ऋषिकेश : अन् फुंकणं जाऊ दे. बाकीचं?

हरीओम : ...फुफ्फुस वाळून राह्यलं म्हणे. आतून घट्ट होत चाललं. ते थांबवायचं औषध नाही. घरी न्या म्हणे, त्याले जे आवडते ते करू द्या. काकूनं माहा हात असा धरला, म्हणे ह्याले कळू देऊ नोको.

ऋषिकेश : म्हंजे तिले माहीत आहे.

हरीओम : तिच्यासमोरच त सांगतलं डॉक्टरनं.

ऋषिकेश : अन् मले म्हणते, दिवाळी झाली का तुह्यासाठी पोरगी पाहू.

हरीओम : रडू नोको ना रे.

ऋषिकेश : रडायले बी दम लागते, लेका.

हरीओम : मले काहीच नाही पाह्यजे मंग. कार्यक्रम बी नाही अन् बँड बी नाही. 'काळा पहाड' म्हणे! नाव पाह्य अन् आपण पाह्य. मळ्यातले पाइप कापून नळ्या केल्या, बुडाले मेण लावलं, अन् चालले मेटल वाजवाले. लोकाले डीजे पाह्यजे. मी गाण्यात गुरगुराले लागलो का काकू म्हणते, ढोराले बोलवून राह्यला का? कोण विचारते आपल्याले?

ऋषिकेश : मालेगावच्या गणपतीत पोट्टे नाचले होते. एक म्हतारा आला होता मांगून. म्हणे, आमच्या दंडारीच्या नाचावानी वाटलं.

हरीओम : एक म्हतारा!

ऋषिकेश : आपल्याले लय झाला तो... थांब. दम खाऊ दे.

हरीओम : चूप बस ना मंग. काहून बोलतं?

ऋषिकेश : त्या पहाडावर हवा पातळ असते. एकट्याचा दम पुरत नाही. म्हणून धून दोघात वाटतात. एक फुंकते, तवर दुसरा श्वास घेते. सगळ्याले सांगत फिरलो मी हे. मले कायचं कळत होतं? पातळ हवा काय असते ते आता कळलं, हरी. भेव वाटते मले. झोप लागली का वाटते, आता नाही उठत.

हरीओम : मी झोपतो इथं. रोज झोपतो.

ऋषिकेश : दोनी ओळी बांध. माह्यासमोर वाजव. माह्या मांगून बी धून पूर्ण वाजली पाह्यजे.

हरीओम : घे. बांधल्या. ऐक अन् कर समाधान.

ऋषिकेश : ...काहून थांबला?

हरीओम : नाही होत. डोळ्यापुढं अंधारी आली. मधात श्वास कुठी घ्यायचा? जागाच नाही त्यात!

ऋषिकेश : मंग माही ओळ आदर्शले दे.

हरीओम : कोणालेच नाही देत. सोडली मी पट्टी. ही धर तुही. रविवारी मी माही वाजवीन. तुह्या सुराच्या जागी काहीच नाही वाजणार. गिटार बी नाही, ड्रम बी नाही.

ऋषिकेश : लोक म्हणतीन, पोट्टे चुकले.

हरीओम : म्हणू दे. बोंबलू दे. मले फरक नाही पडत.

ऋषिकेश : दाखव मंग. हळू वाजव.

रुख्मिणी : काहून रे, हरीओम? वाजवता-वाजवता थांबून काहून राह्यला? वांगे तोडता-तोडता ऐकून राह्यलो मी. तुटून-तुटून येते आवाज.

हरीओम : काकू, मधातले सूर ऋषीचे हायेत. ते ह्यानंच वाजवायचे असतात.

रुख्मिणी : ह्याच्यानं आत्ता होत नाही, बाप्पा. होईन मंग. रोज मुगाचं वरण खाल्लं का होईन.

ऋषिकेश : नाही होणार, आई. हरीनं सांगतलं मले. त्याले बोलू नोको, मीच काढून घेतलं.





रुख्मिणी : हे वांग्याचं टोपलं तिकडं ठेव, हरीओम. अन् सरक जरासाक. मले बसू दे ह्याच्यापाशी.

हरीओम : वाजवू का नोको, काकू?

रुख्मिणी : वाजव. ह्याची जागा आली का थांबजो. घाई नोको करू.