शेडमधलं शर्यतीचं इंजिन

मंडळी, हात जोडलेले असू द्या, पण डोळे उघडे ठेवा. आजचा प्रश्न साधा आहे. माणूस जातो, त्याची वस्तू मागं राहते. ती आपण जपतो – बरोबर? मग सांगा, जपता जपता कधी असं होतं का, की ती वस्तूच आपल्याला धरून बसते?

लगेच नाही म्हणू नका. ऐका.

कोल्हापूरला उद्यमनगरात दौलतराव चौगुल्यांचं गॅरेज. दौलतराव तरुणपणी मोटारींच्या शर्यतीत उतरायचे. शर्यतीसाठी एक इंजिन त्यांनी स्वतःच्या हातांनी तयार केलं होतं. पुढं शर्यती सुटल्या, पण इंजिन घरामागच्या शेडमध्ये लोखंडी घोडीवर बसून राहिलं. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेजारी उभी असायची घरची चिमुकली जुनी फियाट. तिचं इंजिन आपलं गरीब – भाजी आणावी, देवीला जाऊन यावं, बास.

दौलतराव गेले. घरात उरल्या दोघी. पत्नी वच्छलाबाई, अंथरुणाला खिळल्यासारख्या. आणि लेक नलू, बापाच्या हाताखाली काम शिकून तेच गॅरेज चालवणारी. अशात फियाटचं इंजिन बसलं. नलूनं काय करावं? घोडीवरचं शर्यतीचं इंजिन उतरवलं आणि त्या चिमुकल्या गाडीत बसवलं!

दौलतरावांचे जुने जोडीदार यासीनभाई बघायला आले. म्हणाले, "पोरी, हे रस्त्यावर नांदायचं नाही. उभं राहणं याला ठाऊकच नाही. पेडलवरचा पाय उचललास की बंद पडणार."

"मग नाही उचलणार," नलू म्हणाली.

"बापावरच गेलीस."

बघा, शेळीच्या पोटात वाघ घातला. चौकात गाडी थांबली, तरी नलूचा पाय पेडलवर. भाजीवाल्या ओरडायच्या, "अगं बाई, पुढं तरी जा, नाहीतर ते गप तरी कर!" मंडळी, हसा, हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

असं इंजिन बंद करताना एकदा जोरात पेडल दाबायचं, मग किल्ली फिरवायची, ही शर्यतवाल्यांची रीत. इंजिनाचा घसा साफ होतो म्हणतात. दौलतराव उभा जन्म तसंच करत. पहिल्या संध्याकाळी दारात येऊन नलूनंही तसंच केलं.

आणि घराचं दार उघडलं. वच्छलाबाई उभ्या. डोक्यावर पदर.

"आलात? हात धुवा, वाढते."

त्या नलूकडं बघत होत्या. पण नलूला नव्हत्या बघत.

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? नलू बोलली नाही. कारण त्या रात्री आई कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. आणि दुसरं कारण नलूनं कुणालाच सांगितलं नाही – तो आवाज उठला, की तिचाही जीव क्षणभर थाऱ्यावर यायचा. म्हणून रोज तेच. रोज तो हुंकार, रोज तो पदर. एक दिवस आईनं ताटात वाढता वाढता तिलाच विचारलं, "अहो, नलू कुठं राहिली?"

नलूच्या हातातला घास हातातच राहिला.

मग एकदा ती गाडी घरी ठेवून बसनं गॅरेजला गेली आणि परतल्यावर सहज गाडीच्या बॉनेटला हात लावला. गरम. आईला गाडी चालवता येत नाही. किल्ली देवघरातल्या खिळ्यावर, जागच्या जागी.

"आई, गाडीला कोणी हात लावला?"

"कोण लावणार? हेच गेले होते, जरा फिरून यायला."

दुसऱ्या दिवशीही गाडी घरीच. नलूचं कामात मन लागेना. भर दुपारी घरी निघाली. गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. एकसुरी. वर नाही, खाली नाही. शेडचं दार आतून लावलेलं. तिनं खांद्यानं ढकललं, कडी तुटली. आत नुसता धूर. डोळे चुरचुरले.

आई गाडीत होती, डावीकडच्या सीटवर. अंगावर लग्नातला शालू, मान मागं टेकलेली. उजवी सीट रिकामी. आणि इंजिन चालू होतं – जे पाय उचलला की बंद पडतं, ते! नलूनं खाली पाहिलं.

पेडल दाबलेलं होतं.

पेडलची तार अडकली असेल, असं यासीनभाई नंतर म्हणाले. असेल. मी तारेशी वाद घालत नाही.

आईची जीभ जड झालेली. "दार लाव गं," ती म्हणाली. "निघायचंय. मलाही नेतो म्हणालेत."

नलूचा हात किल्लीपाशी गेला आणि थांबला. मंडळी, का थांबला? आवाज बंद केला तर बाप दुसऱ्यांदा जाणार. नाही केला तर आई जाणार. ती त्या रिकाम्या सीटकडं वळली आणि हळू म्हणाली,

"बाबा, पाय उचला. तिला मी सोडत नाही."

इंजिन थांबलं. किल्ली आपण फिरवली होती का, हे नलूला आजही सांगता येत नाही.

तिनं आईला ओढत अंगणात आणलं. आई खोकली, उन्हाकडं डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "नलू, ते गेले गं." आणि दौलतराव गेल्यापासून पहिल्यांदा रडली. दोघी तिथंच मातीत बसल्या. इंजिनाचं पुढं काय झालं विचारू नका. ही गोष्ट इंजिनाची नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठं असलं इंजिन आहे? बरं. पण गेलेल्याचा चष्मा रोज पुसून ठेवणारे इथं किती आहेत? ठेवा. रडा, खुशाल रडा. फक्त दार लावून घेऊ नका. आणि एकदा वळून बघा, तुमच्या दुःखाच्या धुरात शेजारी कोण बसलंय. ते माणूस अजून जिवंत आहे.

मृदंगवाले, थोडं थांबा. टाळही नकोत. प्रत्येकानं आपल्या शेजारच्या माणसाचा श्वास ऐका.

ऐकलात?

आता घ्या देवाचं नाव.