कोरडे पाय

एका अख्ख्या गावाचं भवितव्य त्या दुपारी अंबडच्या स्टँडवर ठरणार होतं. पण जालन्याची एसटी अजून लागली नव्हती, म्हणून तेही बाकावर ताटकळत बसलं होतं. तातेराव गुरुजींच्या शेजारी कराटेच्या पांढऱ्या पोशाखातली एक पोरगी आणि तिची आजी होती. गुरुजींचे डोळे पेपरात होते, कान मात्र तिकडे.

“आजी, लई भेव वाटून राह्यलंय.”

“उसात यान उतरलं तव्हा न्हाई भ्यालीस?”

“तव्हा त्यायला हाकलायला हातातून आग काढली. तर ते परग्रहावरले समदे जवळ येऊन शेकत बसले.”

“मंग?”

“मंग हातातूनच पाणी सोडलं, त्यांच्या पायावर.”

“आगं सत्यशीला, पाहुण्यायचं पायधुणं केलंस की तू!”

“तेच झालं. खुश होऊन निघाले. पर एक जण मागं उभा व्हता. त्याचे पाय कोरडेच राह्यले.”

“रुसला?”

“म्हणला, मान दिला न्हाई तर दिवस मावळायच्या आत अख्खं गाव उचलून नेतो.”

“मंग घाल की पाणी!”

“हात आटलेत, आजी. थेंब निघंना. स्टँडच्या नळालाबी पाणी न्हाई.”

“चल, जालन्याला मावशीकडं, मस्तगडात लपू.”

“काय उपेग? त्यो मागं मागं आलाय.”

“कुठंय?”

“बाकाखाली.”

गुरुजींच्या घोट्याला काहीतरी गार लागलं. पाय उचलावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

“दादा,” आजी अदबीनं म्हणाली, “बाटलीत घोटभर पाणी असंल तर द्या जरा.”