सोळा कळ्यांचा घेर

— नाही म्हणजे नाही, ताई. या ड्रेसला सोळा कळ्या मी लावत नाही. सहा लावीन, फार तर आठ, आणि उंची घोट्याच्या वर चार बोटं. काय? फोटोत आहे तसाच पाहिजे? अहो, फोटोतली बाई फोटोत उभी आहे, तिला कुठे मोटरसायकलवर बसून दीपनगरच्या शाळेत शिकवायला जायचंय! तुम्हाला जायचंय. मघाशी आलात ना तुम्ही, मी याच खिडकीतून बघत होते — एका अंगाने बसलेल्या, एका हातात कापडाची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल, म्हणजे धरायला हात उरलाच नाही, आणि ओढणी अशी मागे उडतेय की गाडीला शेपूट फुटलंय जसं काही. आणि ते तुमचे होणारे — ललित ना? — त्यांचं हेल्मेट कुठे होतं? कोपरात! कोपर फुटू नये म्हणून घेतलंय का ते? चौकात पोलीस दिसला की डोक्यात, चौक गेला की परत कोपरात. हसू नका, ताई. मला या गोष्टीचं हसू येत नाही. हात वर करा, छातीचं माप घेते.

जरा जोरात बोलते, राग मानू नका — हा ठोकायचा आवाज आहे ना, तो सुरू असला की ओरडूनच बोलावं लागतं. सवयच लागलीय. हो, पत्र्याच्या पलीकडे आमच्या यांचंच गॅरेज. गफूर मिस्त्री म्हणजे आमचे हे, माझ्या मुलीचे, हुमाचे, अब्बा. आणि ठोकू राहिले ते तुमच्या ललितच्याच गाडीसाठी. तो गेला हॉर्न दाखवायला, पण इथे हॉर्न नंतर, आधी साडीगार्ड. माहीत नाही? मागच्या चाकाला डाव्या बाजूने लोखंडी जाळी असते ना, बाईचं कापड चाकात जाऊ नये म्हणून — ती. कंपनीवाले लावून देतात, बिचारे, त्यांना बायकांची काळजी. आणि ही शहाणी पोरं गाडी दारात आली की पहिली तीच काढतात. का? तर म्हणे गाडी दूधवाल्याची दिसते! अरे, दिसू दे ना दूधवाल्याची, दूधवाल्याच्या बायकोचं डोकं तरी शाबूत राहतं. ऐका, ऐका — 'चाचा, लुक जातो ना!' तुमच्या ललितचाच आवाज आहे ना तो? लुक जातो! हे काही ऐकायचे नाहीत. दोन वर्षं झाली, गार्ड बसवल्याशिवाय कुणाच्या गाडीला हात लावत नाहीत. मागे जुन्या गार्डांचा ढीग पडलाय, त्यातलं एक उचलायचं, ठोकून सरळ करायचं, बसवायचं. गिऱ्हाईक भांडतं, नको नको ते बोलतं, निघून जातं. जाऊ दे.

ढीग कुठून आला? कुठून येणार, ताई. त्यांनीच काढलेली आहेत ती सगळी. वीस-पंचवीस वर्षं हेच केलं — पोरगं आलं, चाचा गार्ड काढा, दोन बोल्ट फिरवले, गार्ड ढिगात. कधी एकाला विचारलं नाही की बाबा तुझ्या मागे कोण बसणार. मी तर तोंडावर बोलते त्यांना. रोज बोलते. जेवायला वाढताना बोलते. तुमच्या हाताने झालं, म्हणते, दुसऱ्या कुणाच्या नाही, तुमच्या. ते घास खाली ठेवतात आणि उठतात. उठू देत. मला कुठे घास जातो?

आत बघितलंत ना? मी बघितलं तुम्ही बघताना. पडदा जरा सरकलाय. खाटेवर बसलीय ती हुमा, माझी मुलगी. चोवीस वर्षांची. बीएस्सी झालीय, खोटं वाटेल तुम्हाला. तुमच्यासारखीच फाडफाड बोलायची, मला मापं लिहायला मदत करायची. लग्नाला चार महिने झाले होते, ईदचा दुसरा दिवस, हसनैन — आमचा जावई — नवी गाडी घेऊन आला, दोघं भडगावला चालले होते त्याच्या बहिणीकडे. निघता निघता म्हणाला, अब्बा, तेवढं गार्ड काढून द्या. आणि जावयाला नाही कोण म्हणतं! लगेच पाना घेऊन बसले, नवी लुंगी नेसलेली, ईदची, तीच नेसून जमिनीवर बसले. पाच मिनिटांत काढलं. मी सरबत घेऊन उभी होते दारात.

ट्रक होता का? हेच, हेच विचारतात सगळे. ट्रक नव्हता. खड्डा नव्हता, समोरून कोणी नव्हतं, वेगसुद्धा नव्हता फार. तुम्हा लोकांना वाटतं कोणीतरी येऊन धडकतं तेव्हाच अपघात होतो, म्हणून समोर बघता, बाजूला बघता. तुमच्या त्या हायवेला वीजकेंद्राच्या राखेचे टँकर फिरतात, त्यांना भ्यायचं, बस्स. हुमाला कोणी धडकलं नाही, ताई. भडगाव आलंच होतं, गिरणेचा पूल जवळ आला होता, आणि बसल्या जागेवरून तिला चाकाने मागे ओढलं. ओढणी अडकली. डोकं आधी पडलं. हसनैनला कळेपर्यंत गाडी दहा पावलं पुढे गेली होती. त्याचं हेल्मेट कोपरात होतं. तिला तर हेल्मेट कधी घेतलंच नव्हतं, मागे बसणारीला कशाला?

सत्तावीस दिवस ती दवाखान्यात होती. आता घरी आहे. पाणी म्हणते, अम्मी म्हणते, अब्बा म्हणते, आणखी एखाद-दोन शब्द. हसनैन महिन्यातून एकदा येतो, दारात उभा राहतो, सफरचंदं ठेवतो आणि जातो. आणि हे — हे रोज सकाळी तिचे केस विंचरतात. मला हात लावू देत नाहीत. हाताचं काळं काही केल्या निघत नाही त्यांच्या, साबणाने तीन-तीनदा धुतात, मग तिला समोर बसवून हळूहळू विंचरतात, टाके होते तिथे तर फुंकर घालत घालत. वेणी येत नाही घालता. वाकडीतिकडी घालतात. मी इथे मशीनवर बसून बघते आणि माझं अंग नुसतं पेटतं. आता पश्चात्ताप करून काय उपयोग! तेव्हा कुठे गेली होती अक्कल! मग मला राग येणार नाही तर काय होईल, तूच सांग. तू म्हणते आता, चालेल ना? माझ्या हुमाएवढीच आहेस.

तर आठ कळ्या. लिहिते मी. काय म्हणालीस? ओढणी बांधून बसशील? ओढणी बांधली की झालं, मग घेर कितीही असू दे? अगं, काय शिकवतेस तू शाळेत मुलांना! ओढणी बांधून काय होतं? ओढणी हुमानेही बांधलीच होती! कमरेला दोन गाठी मारून! अब्बांनीच शिकवलेलं तिला शाळेत होती तेव्हापासून, त्यांच्या मागे बसताना — आधी गाठ, मग गाडी. ती कधी विसरली नाही. ओढणी जशीच्या तशी आली घरी, एक धागा निघाला नव्हता तिचा —

काय?

मी मघाशी काय म्हणाले? हो. ओढणी अडकली म्हणाले. असंच म्हणते मी. सगळ्यांना असंच सांगितलंय.

अशी बघू नको माझ्याकडे. बस. बस त्या स्टुलावर. आता ऐकलंच आहेस तर पुरतं ऐक, म्हणजे तुझ्या डोक्यातला तो फोटो तरी निघेल. हुमाने ईदच्या ड्रेसला आठच सांगितल्या होत्या. 'अम्मी, आठ बस, गाडी पे जाना है.' असं म्हणाली ती, या इथे, तू बसलीस तिथेच बसून. आणि मी सोळा लावल्या. मी! कापड चांगलं होतं, मोरपंखी, हात फिरवला की पाण्यासारखं सरकायचं. म्हटलं भडगावला नणंदेकडे बायका जमतील, हुमा उंबऱ्यात एक गिरकी घेईल, विचारतील कोणी शिवला. माझ्या दुकानाची पाटीच निघाली होती गाडीवर बसून! घोट्याच्या खाली उंची ठेवली, वरून जाड गोट लावला, घेर पडावा म्हणून. चाकाला काय, आयतंच मिळालं.

निंबा म्हणून एक शेतकरी होता तिथे, त्याने विळ्याने कापून काढलं ते चाकातून. तोच पिशवी घेऊन आला दवाखान्यात, माझ्या हातात दिली, म्हणाला, "अक्का, पोर जित्ती शे, रडू नको. बठ्ठा घेर चाकमा गया." बठ्ठा घेर, म्हणजे सगळा घेर. ओढणी नाही म्हणाला तो. हे तेव्हा डॉक्टरांशी बोलू राहिले होते. आले आणि विचारलं, काय अडकलं होतं? मी म्हटलं, ओढणी. तोंडातून निघून गेलं. ओढणी बाजारातली होती ना, ती कोणी शिवलेली नव्हती. त्यांनी ऐकलं आणि तिथेच फरशीवर खाली बसले. म्हणाले, म्हणजे मीच. आणि मी — मी हो म्हटलं गं. मी म्हटलं, हो, तुम्हीच.

ती पिशवी या ड्रॉवरमध्ये आहे. उघडू नको. ऑईलने काळा झालाय मोरपंखी. गार्ड असतं तर गेला नसता घेर आत, ते खरं आहे, त्यांचं चुकलंच. पण आठच कळ्या असत्या, उंची चार बोटं वर असती, तर गार्ड असो नसो, चाकापर्यंत पोचलाच नसता! अर्धं त्यांचं आहे आणि अर्धं माझं. आणि दोन वर्षं तो माणूस सगळंच्या सगळं एकटा उचलून चाललाय, गार्ड ठोकतोय, केस विंचरतोय, आणि मी त्याला ताटावरून उठवते! माझा राग तुझ्यावर नाही, पोरी, त्यांच्यावरही नाही, माझ्या या हातांवर आहे, यांनी बेतलं, यांनी शिवलं, आणि एकदा, एकदासुद्धा माझ्याने झालं नाही की त्यांना जाऊन सांगावं, अहो, ओढणी नव्हती ती —

थांब.

ठोकणं कधी थांबलं?

तुझा ललित बोलत होता ना तिकडे? तोही बोलत नाही. कधीपासून... मी ओरडत होते का? किती जोरात? सांग ना. पत्राच आहे मध्ये, नुसता पत्रा.

तू जा. कापड राहू दे, आठ कळ्या, मी करून ठेवते. जा म्हटलं ना. आणि दोन्हीकडे पाय टाकून बस, ऐकलंस? जा.

अजी...

अजी, सुनते क्या?