केस पुसायचे कधी?

आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच पळायचं, मग केस पुसायचे कधी? ताईच्या पहिल्या ट्रायथलॉनबद्दल मी हे सगळ्यांना विचारलं.

ताई धायरीच्या आमच्या अंगणात सराव करायची. डोक्यावर बादली ओतायची आणि भिजलेलीच सायकलकडे धावायची. आई टॉवेल घेऊन आडवी यायची.

"अगं आई, शर्यत आहे ती!"

"असू दे. ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही."

"बाकीच्या पुढे जातील!"

"जाऊ देत. शिंकत जातील."

मी सायकल धरून हसायचो, आई खसाखसा पुसायची, ताई ओरडायची.

शर्यत तोंडावर आली आणि ताई तापाने गेली. तिला शेवटची आंघोळ घातल्यावर आईचे हात चालेनात. मी टॉवेल घेतला आणि ताईचे केस सावकाश, पार कोरडे होईपर्यंत पुसले.