गर्शोमचे उलटे ड्रम

...आणि वर लोक म्हणतात, गर्शोमला पाणी साठवता येत नाही! अहो, तीन ड्रम! तुम्हाला सांगतो, तीन निळे प्लास्टिकचे ड्रम त्या माणसानं भंगारवाल्याकडून सायकलच्या कॅरियरला बांधून एकेक करून आणले, तोंडं करवतीनं कापली, एकात कसलासा सरबताचा रंग होता, तो धुता धुता बाथरूम आठवडाभर लाल, त्याची बायको, ज्युडिथवहिनी, म्हणाल्या, "अहो, लोकांना वाटेल घरात खून पडलाय!", दुसऱ्यात फिनेल, तिसऱ्यात काय होतं देव जाणे, पण आत डोकं घातलं की शिंका... आणि एवढं करून ड्रम कोरडे! यात गर्शोमचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

मुळात हे खूळ सोसायटीचं. नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगमागं मोकळी जागा होती, ब्याण्णव साली मीटिंगमध्ये ठरलं, ज्याला हौस असेल त्यानं एकेक वाफा घ्यावा, भाजी लावावी. पण नळाचं पाणी घालायचं नाही! बरोबरच आहे, नळाला पाणी सकाळी अर्धा तास, त्यात आंघोळ माणसांनी करायची की भेंडीनं? म्हणून ड्रम. सायकल शेडच्या पत्र्याला पन्हळ, पन्हळीखाली ड्रम, पाऊस आला की भरायचे, उघडीप पडली की झारीनं घालायचं. किती सोपं! ऐकताना सगळंच सोपं असतं हो.

बरं, गर्शोमला नुसती हौस नव्हती. त्याची आई, सिप्पोराबाई, सण झाला की थोरल्या मुलाकडे, मोशेकडे, इस्रायलला निघाली होती. कायमची. सण म्हणजे त्यांचा, ज्यू लोकांचा, नव्याचा सण, त्यांचं नवीन वर्ष, आणि त्यांच्या घरी त्या दिवशी ताटात लाल भोपळा असतोच. गर्शोम म्हणाला होता, "आई, या वेळी भोपळा आपल्या वाफ्यातला. तो खाऊन जा." आता आईला 'जाऊ नको' म्हणायची छाती नाही, मग माणूस 'भोपळा खा' म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

वेल छान पसरला, नारळाएवढा भोपळा धरला, आणि ऑगस्टात पाऊस गडप! ड्रमांनी तळ गाठला. तेवढ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरी तुळशीराम हजर. "पेणकर, रिकामा ड्रम उलटा पायजे! डास झाले, मलेरिया झाला, तं जबाबदार कोन, तुमी का आमी?" गर्शोम पेणकर पडला पापभीरू. तिन्ही ड्रम उलटे केले, हातपाय धुतले, घरात शब्बाथचे, त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागले, आणि शनिवारी सकाळी...

अहो, कोसळला! पन्हळीतून धो धो पाणी, खाली ड्रमांची तीन बुडं, त्यावर ढब ढब ढब, नुसता नगारा! गर्शोम चपला शोधतोय तोच आतून आईचा आवाज, "कुठं निघालास? शब्बाथला ड्रमाला हात लावायचा नाही."

"आई, मी नाही लावत. विनायकला सांगतो."

"सांगायचंही नाही. आपण करायचं नाही ते दुसऱ्याकडून करवून घ्यायचं नाही."

संपलं! पाऊस काय वार बघून पडतो? यात गर्शोमचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

विनायक म्हणजे शेजारचा. वाफाही शेजारी, गॅलरीही शेजारी, आणि त्याचेही दोन ड्रम उलटेच. चहा पीत पाऊस बघत उभा. गर्शोमनं विचार केला, सांगायचं नाही ना? मग नुसतं बोलायला काय हरकत आहे?

"विनायक, पाऊस छान आहे."

"फस्क्लास!"

"पन्हळ काय वाहतेय!"

"मग! मीच बसवलीय ना!"

"ड्रम उलटा असला की... पाणी साठत नाही, नाही का?"

"छे छे, कसं साठेल!" आणि वर म्हणतो, "भजी टाकलीयत, येताय?"

भजी! इथं जीव वेलाला टांगलाय, आणि भजी! गर्शोमनं शेवटी हाताचा पंजा पालथा धरला, मग उताणा केला... पालथा, उताणा... विनायक बघतोय, चहा निवतोय, आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला!

"अरे हो की! बरं झालं पेणकर, आठवण केलीत!"

बनियनवरच धावला खाली, आणि केले की सुलटे. स्वतःचे! दोन्ही! वर बघून हात हलवून "थँक्यू" म्हणाला.

शब्बाथ सुटायला आकाशात तीन तारे दिसावे लागतात. दिसले ना! लखलखीत दिसले, कारण ढगच उरला नव्हता. गर्शोमनं अंधारात ड्रम सुलटे केले, आणि पुढं पाऊस नाही तो नाहीच. विनायक म्हणायचा, "घ्या ना दोन बादल्या," माणूस वाईट नाही हो, पण त्याचाही भोपळा धरलेला, गर्शोमला घेववेना. भोपळा पिवळा पडला, एक दिवस देठातून गळला. त्या रात्री गर्शोम 'भूक नाही' म्हणून पानावरून उठला. फार वाईट वाटलं त्याला.

सणाच्या आदल्या दिवशी दारात विनायक, हातात हा एवढा भोपळा! "घ्या, तुम्ही आठवण केलीत म्हणून टिकला!" गर्शोमनं दोन्ही हातांनी घेतला. आईला काही सांगितलं नाही. ताटात वाढला, आणि आईच्या तोंडाकडे बघत बसला.

म्हातारी सावकाश जेवली. म्हणाली, "गोड आहे. विनायकला म्हणावं, बी ठेव." गर्शोमची मान खाली. "आणि तू शुक्रवारी दिवे लागायच्या आधी ड्रम सुलटे करत जा. मी येईन की एखाद्या वर्षी, तुझा भोपळा खायला."

गेली इस्रायलला. म्हणून आता दर शुक्रवारी गर्शोम तिन्ही ड्रम सुलटे करतो. आणि दर शनिवारी सकाळी तुळशीराम येतो, डासांच्या नावानं खडे फोडतो आणि तिन्ही उलटे करून जातो. गर्शोम गॅलरीत बसून बघतो. हात लावायचा नाही... आणि सांगायचंही नाही!