पाण्यावरची फळी

पाण्यावरच्या स्कीइंगचा विषय निघालाच आहे, तर आमच्या तात्यांची शिकवणी ऐका.

मुरबाडजवळच्या एका रिसॉर्टच्या तलावात मी बोट चालवतो. माझा चुलतभाऊ दिनेश बोटीची दोरी धरून, एका फळीवर उभा राहून, तरंगत्या फुग्यांना वळसे घालायला शिकत होता. रविवारी पाहुण्यांसमोर जमलं तर त्याची नोकरी पक्की होणार होती. आदल्या दिवशी सराव बघायला त्याचे वडील, म्हणजे आमचे तात्या, वैशाखऱ्याहून आले.

काठावरूनच म्हणाले, "यात शिकायचं काय? लावणीआधी चिखल सपाट करायला बैलांमागं फळीवर उभा राहूनच म्हातारा झालो मी."

मग दिनेशला सांगितलं, "काय पण होऊ दे, हातातली दोरी सोडू नको. सोडलीस की बैल पळाले समज."

नंतर माझ्याकडं वळले. "आणि तू रे, सारखा मागं काय बघतोस? बैल कधी मागं बघतो काय?"

तात्यांपुढं बोलायची सोय नाय. आमी दोघांनी ऐकलं.

पहिल्याच फुग्याला दिनेश पडला. फळी पायातून निसटली, पण दोरी सोडायची नाय म्हणून त्यानं सोडली नाय, आणि मागं बघायचं नाय म्हणून मी बघितलं नाय. तलावाला अख्खी चक्कर मारून मी ऐटीत काठाला आलो. मागोमाग पोटावर घसरत, अर्धा तलाव पिऊन दिनेश आला.

तात्यांनी त्याला हात देऊन उभा केला, खालपासून वरपर्यंत बघितला.

"तुला फळीवर उभा राहायला सांगितलं होतं रे," ते म्हणाले. "फळी व्हायला नाय."